सहा पावलांत थांबणारी सायकल

हिलाल आमच्याकडे आला की खुर्चीत बसण्याआधी पंख्याचं बटण बंद करायचा. ऐन मे महिन्यातसुद्धा. पाती मंद होत होत थांबेपर्यंत मान वर करून उभा राहायचा, मग बटण पुन्हा चालू करून बसायचा. पहिल्यांदा माझ्या पत्नीला वाटलं, याला वारा सोसत नसेल. तिने विचारलं, तर म्हणाला, "तसं नाही काकू, मोजत होतो. तुमचा पंखा बंद केल्यावर एकवीस फेरे घेतो. आमचा चौदातच उभा राहतो. तुमचं बेअरिंग चांगलं आहे."

सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. त्याची मुलगी वर्षा चौथीत माझ्या वर्गात होती, आणि तिच्या दप्तरातून बापाचे प्रश्न शाळेत यायचे. "गुरुजी, पप्पांनी विचारलंय, लोहचुंबक पाण्यात बुडवलं तरी ओढतं का?" "गुरुजी, पप्पा विचारतात, कोळी जाळं विणताना आधी उभा धागा टाकतो की आडवा?" मी उत्तर कागदावर लिहून द्यायचो. दुसऱ्या दिवशी बहुधा त्या उत्तरावरचा पुढचा प्रश्न यायचा. पुढे वर्षा लग्न होऊन नंदुरबारला गेली, मी निवृत्त झालो, आणि प्रश्न घेऊन हिलाल स्वतःच येऊ लागला.

तो मूळचा खानदेशातला, पारोळ्याकडचा. अठराव्या वर्षी सुरतेला आला, मागावर लागला आणि दहा वर्षांत जॉबर झाला. जॉबर म्हणजे लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, बिघडलेला माग ठाकठीक करणारा. अठ्ठेचाळीस माग त्याच्याकडे होते. खात्यातल्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण हिलाल पान्याचं एक टोक मागाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि नेमका बिघडलेला भाग दाखवायचा. मग खिशातला खडू काढून त्यावर फुली मारायचा. शाळा त्याने चौथीतच सोडली होती, खडू मात्र शेवटपर्यंत खिशात होता.

त्याला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. मागावर आडवा धागा तुटला की माग त्या क्षणी थांबावा लागतो. एक फेरा जरी जास्त झाला तरी कापडावर पट्टा उमटतो आणि सगळा ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, माघारी येतो. हिलालने ब्रेक जुळवलेला माग धागा तुटलेल्या त्याच फेऱ्यात थांबायचा. खाडकन. "चालू कोणीही करतो गुरुजी," तो म्हणायचा. "बटण दाबलं की झालं. थांबवायला जॉबर लागतो."

त्याची बायको प्रमिलाबाई गरनाळ्यापलीकडच्या एका खात्यात बॉबिन भरायच्या. गरनाळं म्हणजे रेल्वेच्या रुळांखालून जाणारा रस्ता. लिंबायतमधून उधन्याकडे जायचं तर त्यातूनच जावं लागतं. अलीकडून उतार, मध्ये बारा महिने पाझरणाऱ्या भिंती, पलीकडे चढ. रोज सकाळी हिलाल त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून खात्याच्या दारात सोडायचा आणि उलटा फिरून आपल्या खात्यात जायचा. अशी वीस वर्षं झाली होती. प्रमिलाबाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या, एका हाताने सीटखालची स्प्रिंग धरायच्या, दुसऱ्या हातात डबा. दोघांचं बोलणं फारसं नसायचं. हिलाल पुढे बघत काहीतरी विचारायचा, "ती कावळ्याची जोडी कालचीच का?" असलं काहीतरी, आणि त्या मागून "हं" म्हणायच्या.

आधीची वर्षं काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल होती. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी हजिऱ्याच्या एका कारखान्याचं काम संपवून परत निघालेला परदेशी इंजिनिअर आपली जुनी सायकल इथेच टाकून गेला. जाड टायर, सरळ हँडल, डोंगरात चालवायची सायकल. ती दोन-तीन हात फिरत हिलालपर्यंत आली.

"अठरा गिअर आहेत गुरुजी," त्याने मला बोलावून दाखवलं.

"लिंबायतमध्ये चढ एकच आहे, गरनाळ्याचा," मी म्हणालो. "अठरा गिअरचं करणार काय?"

"तेच तर बघायचंय."

महिनाभर त्याने ते बघितलं. अठरापैकी तीन गिअर कामाचे निघाले. असल्या सायकलींना कॅरिअर नसतो. त्याने खात्यातल्या भंगार पट्ट्या जोडून भक्कम कॅरिअर केला, त्यावर फोमची गादी बसवली आणि मखमलीच्या काठाची खोळ शिवून घेतली. ब्रेक मात्र जसे आले होते तसेच राहिले. चाकाच्या दोन्ही बाजूंना आखूड दांड्या, टायरवरून त्रिकोणात गेलेली तार, आणि कडक झालेली रबरं. जरा उशिरा धरायचे, पण धरायचे.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत ते धरले नाहीत. गरनाळ्याच्या उतारावर पुढे कापडाच्या ताक्यांनी भरलेली हातलारी, म्हणजे हातगाडी, होती. पाझराच्या पाण्याने रिम ओली झालेली. हिलालने दोन्ही ब्रेक दाबले, सायकल तशीच घसरत निघाली. त्याने ती भिंतीकडे घातली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. प्रमिलाबाई डाव्या हातावर पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत त्यांनी हिलालला एका शब्दाने दोष दिला नाही. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी त्याने नेहमीसारखी सायकल दारात आणली, गादीवरची धूळ झटकली. प्रमिलाबाईंनी पायात चप्पल घातली, डबा उचलला आणि सायकलच्या बाजूने निघून रस्त्याला लागल्या.

"मी पायी येस," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुम्ही व्हा मव्हरे."

हिलाल पुढे गेला नाही. तिला मागे टाकून जाणं त्याला जमेना. तो सायकलवरून उतरला आणि ती हाताने ढकलत तिच्याबरोबर चालू लागला. तेव्हापासून रोज सकाळी लिंबायतने ते पाहिलं: एका बाजूला प्रमिलाबाई, दुसऱ्या बाजूला हिलाल, आणि दोघांच्या मध्ये रिकामी गादी असलेली अठरा गिअरची सायकल.

गरनाळ्याच्या तोंडाशी सुकलालची भज्यांची लारी असायची. तो ओरडायचा, "काय हिलालभाऊ, सायकलीला पायी फिरवायला काढली का? जनावराला फिरवतात तशी?"

हिलाल हसायचा. पण माझ्याकडे आला तेव्हा हसत नव्हता. "अठ्ठेचाळीस माग थांबवतो मी," तो म्हणाला. "माझ्या बायकोला घेऊन एक सायकल थांबवता आली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आता ती घाबरते, आणि सांगत नाही. मी सायकल काढली की नुसता डावा हात पदराखाली घेते."

"मग करणार काय?"

"तिला पुन्हा बसवायचं. तिने आपण होऊन बसायला पाहिजे. त्याच्यासाठी आधी हे थांबवायला शिकतो." तो जरा घुटमळला. "गुरुजी, रंगीत खडू आहे का? माझा पांढरा रस्त्यावर दिसत नाही."

मी त्याला गुलाबी खडूंची अर्धी पेटी दिली. ती पेटी पुढे एवढा घोटाळा करील हे मला कसं कळणार?

हिलालची पद्धत अशी होती. गरनाळ्याच्या उतारावर, पाझर सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, त्याने एक आडवी रेघ ओढली. वरून सुटायचं, चाक रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा, आणि सायकल थांबेल तिथे दुसरी रेघ ओढून मधलं अंतर पावलांनी मोजायचं. कॅरिअरवर प्रमिलाबाईंच्या वजनाएवढी वाळूची पोती. वजन त्याने त्यांना न विचारता कसं काढलं, ते मी विचारलं नाही.

जुन्या ब्रेकने सतरा पावलं लागली. त्याने रेघेशेजारी '१७' लिहिलं. नव्या तारा घातल्या, नवी रबरं बसवली, रिम घासून स्वच्छ केली. तेरा. तिथे '१३' लिहिलं.

त्या वर्षांत सुरतेत जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते. रस्त्यावर कोणी रेघ मारली, आकडा लिहिला, की लोक समजायचे, लाइनदोरी आली. लाइनदोरी म्हणजे नव्या रस्त्याची हद्द. त्या हद्दीत जे येईल ते जाणार. एका सकाळी सुकलालने आपली लारी उचलून रस्त्याच्या पलीकडे नेली आणि दोन दिवसांनी कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, अर्ज लिहा. तेरा आणि सतरा फूट घेणार आहेत. माझी लारी बरोबर मध्ये येते."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? लिहूनच गेलेत! गुलाबी रंगात!"

मी त्याच्याबरोबर गेलो, आकडे पाहिले. तीनचं पोट फुगवून लिहायची हिलालची लकब मला माहीत होती. सुकलालला खरं सांगितलं, तर तो माझ्यावरच रुसला. "म्हणजे मी दोन दिवस उन्हात धंदा केला तो याच्या ब्रेकपायी?" पण लारी जुन्या जागी आणल्यावर तोच हिलालचा सगळ्यात मोठा प्रेक्षक झाला. भज्यांची कढई तापत ठेवून तो पावलं मोजायला धावायचा.

तेराच्या खाली काही केल्या उतरेना. तेव्हा हिलाल रामदासकडे गेला. रामदासचं सायकलचं दुकान गरनाळ्याच्या वरच्या अंगाला होतं. तो अकोल्याकडचा, जाडजूड, संथ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरून कागदात गुंडाळलेली एक जोडी काढली. जुन्यापेक्षा दुप्पट लांब, उभ्या दांड्या.

"हे पाय इकडे. नव्या जातीचे ब्रेक. मुंबईचा एक माणूस नमुन्याले ठेवून गेला. तुह्या सायकलीच्या त्याच खुंट्यांवर बसतात. तार आडवी जाते, दोन्ही दांड्यांले सरळ ओढते."

हिलालने दांडी उजेडात धरली, बोटांनी तिची लांबी मापली. "लांब दांडी म्हणजे जोर जास्त."

"जोर लय आहे. पण ऐक बापा, याच्या जोडीचं हातातलं लिव्हर वेगळं असते म्हणे. थे माह्यापाशी नाही."

"लिव्हर ते लिव्हर. त्यात काय वेगळं असायचं?"

"मले काय माहीत? मुंबईवाला म्हणत होता. मंगवू का? महिना लागंल."

महिना थांबायला हिलाल तयार नव्हता. जुन्याच लिव्हरला त्याने नव्या दांड्या जोडल्या. नव्या दांड्यांना तार जास्त ओढावी लागते. जुनं लिव्हर ती कमी ओढायचं. म्हणून त्याने रबरं रिमच्या अगदी जवळ, कागद जेमतेम जाईल इतकी जवळ आणून ठेवली. मागाचा ब्रेक तो असाच जुळवायचा.

रामदासच्या दुकानासमोर त्याने एक फेरी मारली. लिव्हरला बोट लावलं आणि सायकल जागीच उभी. त्याचा चेहरा असा उजळला की मी पाहतच राहिलो. "गुरुजी, त्याच फेऱ्यात! मागासारखी! खाडकन!"

रजेचा दिवस होता. त्याने प्रमिलाबाईंना घरून बोलावून आणलं. त्या भाजीची पिशवी घेऊनच आल्या आणि दुकानाच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. मी होतो, रामदास होता, सुकलाल झारा हातात घेऊन आला होता.

"नुसतं बघ," हिलाल म्हणाला. "आज बसू नको. नुसतं बघ."

तो वरून जोरात आला, बरोबर आमच्यासमोर त्याने ब्रेक दाबला. तीन पावलांत पुढचं चाक थांबलं. मागचं चाक वर उचललं गेलं, आणि हिलाल हँडलवरून सरळ पुढे जाऊन रामदासच्या पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात पडला.

हनुवटी फुटली, दुसरं काही झालं नाही. रामदासने त्याला उठवलं. सुकलालने सवयीने पावलं मोजली आणि "तीन!" म्हणून ओरडला. कोणी हसलं नाही, कारण प्रमिलाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने घट्ट धरलं होतं.

हिलाल ओल्या कपड्यांनी त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या त्याच्या हनुवटीकडे बघत होत्या.

"वर्षाना बाप," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही माग थांबाडा. मागवर कोनी बठेल नही ऱ्हास."

मागावर कोणी बसलेलं नसतं. एवढंच म्हणून त्यांनी वांगी-मिरच्या गोळा केल्या आणि त्या घरी गेल्या.

संध्याकाळी हिलाल पट्टी लावून माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याने पंखा बंद केला नाही. खुर्चीत बसला आणि विचारलं, "सायकल थांबली गुरुजी. मी का नाही थांबलो?"

मी पेल्यावर पोस्टकार्ड ठेवलं, कार्डावर रुपयाचं नाणं ठेवलं आणि कार्डाला टिचकी मारली. कार्ड उडालं, नाणं जागच्या जागी राहून पेल्यात पडलं. चौथीच्या मुलांना मी हेच दाखवायचो. हिलालने ते स्वतः पाच वेळा करून पाहिलं. मग त्याने उलटा प्रयोग केला, तो मला कधी सुचला नव्हता. कार्डावर नाणं ठेवून कार्ड टेबलावरून सरकवत नेलं आणि एकदम थांबवलं. नाणं पुढे घसरून खाली गेलं. पुन्हा केलं, या वेळी कार्ड हळूहळू थांबवलं. नाणं बसून राहिलं.

"हे नाणं म्हणजे वर्षाची माय," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मला कळलंय काय करायचं ते. कसं करायचं ते कळत नाही. हळू दाबावं तर बोट हळू राहत नाही. समोर लारी आली की बोट घाबरतं."

यापुढचं उत्तर त्याला मिळालं दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते त्यानेच मला सांगितलं.

आता प्रमिलाबाईंना परत आणायलाही तो पायी जात असे. एका संध्याकाळी तो लवकर पोचला आणि बॉबिनच्या खात्याच्या दारात उभा राहिला. प्रमिलाबाईंसमोर बारा बॉबिनी गरगर फिरत होत्या. मध्येच एकीचा धागा तुटला. त्यांनी डावा हात पुढे केला, अंगठा बॉबिनीच्या कडेला ठेवला, आणि बॉबिन थांबली. टोक शोधलं, गाठ मारली, बॉबिन सोडली. वीस वर्षांत हे त्याने कितीदा पाहिलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला दिसलं की बॉबिन थांबते तेव्हा उरलेला धागा ना सैल पडतो ना तुटतो.

त्याने तिथेच विचारलं, "अंगठा कसा दाबस तू?"

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. प्रमिलाबाईंनी आपल्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. पुन्हा एकदा बॉबिन थांबवून पाहिली.

"मी दाबस नही," त्या म्हणाल्या. "पहिले लावस. मंग दाबस."

आधी नुसता टेकवते, मग दाबते. हिलालने खडू काढून हे खात्याच्या दारावरच लिहिलं असतं. त्या नको म्हणाल्या म्हणून राहिलं.

पुढचे पंधरा दिवस तो खात्यातून सुटला की रामदासच्या दुकानात असायचा. लिव्हरमध्ये तार जिथे अडकते ते भोक त्याने अर्ध्या बोटाने पुढे नेलं. पितळेची छोटी पट्टी बसवून तिथे नवं भोक पाडलं. त्यामुळे लिव्हर तार जास्त ओढू लागलं, आणि रबरं रिमपासून जरा दूर, मोकळी ठेवता आली. "मुंबईवाला खरं बोलत होता," रामदास म्हणाला. "म्या सांगतलं होतं तुले." हिलालने कान पकडले.

मग त्याने तारेच्या वाटेत एक बारीक स्प्रिंग घातली. मागाच्या पेटीत आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हळूच अडवायला अशी स्प्रिंग असते, तिच्या जातीची. ब्रेक दाबला की आधी रबरं रिमला टेकायची, स्प्रिंग थोडी दबायची, आणि मगच जोर यायचा. घाबरलेल्या बोटाचा पहिला झटका स्प्रिंग खाऊन टाकायची. पहिली स्प्रिंग फार नरम निघाली, लिव्हर हँडलला टेकलं तरी सायकल चालतच राहिली. दुसरी फार कडक. चौथी जवळ आली. पाचवी त्याने स्वतः कापून, टोकं घासून केली.

गुलाबी आकडे उतारावर वाढत गेले. नऊ. पाच. आठ. मग एका सकाळी सहा, आणि त्यानंतर सलग दहा वेळा सहाच.

"तीन होत होते, सहावर का आला?" सुकलालने विचारलं. "मागे गेलास की रे."

"तीन पावलांत सायकल थांबते," हिलाल म्हणाला. "सहा पावलांत बाई पण थांबते."

तरी प्रमिलाबाई बसल्या नाहीत. पण नकोही म्हणाल्या नाहीत. रजेच्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या, हातात दुधाची अॅल्युमिनियमची किटली. "गुरुजी, तुम्ही पण चला. तुमच्यासमोर ते वाढवून सांगणार नाहीत."

किटलीत गळ्यापर्यंत पाणी होतं, पिवळंधमक.

"हळद कशाला?" मी विचारलं.

"साधं पाणी सांडलं तर सुकून जातं. मग म्हणतील, सांडलंच नाही. हळद लपत नाही."

किटली झाकण न लावता त्यांच्या गादीवर ठेवायची, ट्यूबच्या रबराने बांधायची. हिलालने घरापासून निघायचं, उतारावर वरच्या रेघेशी ब्रेक दाबायचा आणि खालच्या रेघेवर थांबायचं. प्रमिलाबाई खालच्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून तीस-चाळीस पावलं खाली ती भिंत होती, जिथे त्या पडल्या होत्या. त्या भिंतीकडे त्यांनी पाठ केली.

हिलाल आला. मी त्याला एवढ्या सावकाश आणि एवढं ताठ बसून सायकल चालवताना कधी पाहिलं नव्हतं. वरच्या रेघेला चाक लागलं, त्याची बोटं मिटली, सायकल मंद होत होत खालच्या रेघेवर येऊन उभी राहिली. पंखा थांबतो तशी.

प्रमिलाबाईंनी किटलीत बोट घातलं. पाणी दोन बोटं खाली गेलं होतं.

हिलालचा चेहरा पडला. सुकलाल बोलणार होता, रामदासने त्याचा हात धरला.

प्रमिलाबाई उतारावरून वर चालू लागल्या, मान खाली घालून, रस्ता बघत. तुटलेल्या धाग्याचं टोक शोधतात तशा. आम्ही सगळे त्यांच्या मागे. खालच्या रेघेवर त्या वाकल्या, बोट घासून पाहिलं. कोरडं. दोन रेघांमध्ये, सहाच्या सहा पावलांवर, एकही पिवळा थेंब नाही. वरच्या रेघेपाशी नाही. आणखी वर रामदासच्या दुकानासमोर रस्त्यावर बंप, म्हणजे गतिरोधक, होता. त्याच्या पलीकडच्या अंगाला पिवळं थारोळं होतं, चांगलं ओंजळभर.

एक ओळखीची बाई जाता जाता थांबली. "कोनी हळद शे वं प्रमिलाबाई? लग्न कोनं?"

"लग्न जुनंच शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. मग हिलालकडे वळल्या. "बंपवर सांडनं. ब्रेकवर नही सांडनं."

"बंपचं मी काय करू?" हिलाल काकुळतीला आला.

"बंपवर मी उतरसू."

त्यांनी रबर सोडलं, किटली काढून घेतली. मला वाटलं, आता ती माझ्या हातात देतील. पण त्यांनी ती दोन्ही हातांत नीट धरली, पदर खोचला आणि त्या मखमलीच्या गादीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. सीटखालची स्प्रिंग धरायला हात मोकळा राहिला नव्हता. हिलालने ते मान वळवून पाहिलं, मग त्याने समोर बघितलं आणि पायडल मारलं.

आम्ही घाईने खालच्या रेघेपाशी आलो. ती दोघं वरून येताना मला दिसली. प्रमिलाबाईंनी डोळे गच्च मिटले होते, किटली पोटाशी धरली होती. वरच्या रेघेवर हिलालची बोटं मिटली. सुकलाल पुटपुटत मोजत होता. सायकल थांबली, हिलालने एक पाय खाली टेकला, आणि तो तसाच, श्वाससुद्धा न घेता उभा राहिला.

प्रमिलाबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"उभी रायनी का?" त्यांनी विचारलं.

"कव्हयनी," हिलाल म्हणाला. केव्हाचीच.

त्यांनी डोळे उघडले, आधी किटलीत पाहिलं, मग रस्त्यावर, मग खाली त्या भिंतीकडे. उतरायची काही चिन्हं दिसेनात.

"मंग चला ना," त्या म्हणाल्या. "उधन्याले जाऊन भाजी लेऊत. तठे वांगा ताज्या ऱ्हातस."

हिलालने ब्रेक सोडला, आणि सायकल गरनाळ्यात उतरली.